माजघर बंद करताना

“बंद करू या आता,” सोहोनी सर म्हणाले. ताटलीतल्या आंब्याच्या फोडींवर बसलेली माशी त्यांनी हाताने उडवली आणि आम्हा दोघांकडे पाहिलं. “रडतखडत चालवण्यापेक्षा मानाने बंद करू.”

मे महिन्यातला रविवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. कोथरूडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघंच होतो. सर, मिरजेचे इक्बालभाई सतारमेकर आणि सांगलीहून आलेली मी. त्याला आता नऊ वर्षं होऊन गेली.

‘माजघर’ सरांनी सुरू केलं तेव्हा कल्पना अगदी साधी होती. घरात एखादा जुना कॉम्प्युटर अडगळीत पडलेला असतो. त्यावर आमचं सॉफ्टवेअर घालायचं, तो टीव्हीला जोडायचा, की घरातले फोटो, लग्नाच्या कॅसेटी, बारशाचे व्हिडिओ, जमवलेली गाणी सगळं टीव्हीवर दिसायला लागतं. फुकट. जाहिराती नाहीत, नाव-गाव-फोन विचारणं नाही, आणि घरातला एकही फोटो घराबाहेर जात नाही. हे शेवटचं वाक्य आम्ही छाती फुगवून सांगायचो. आमचं काम कुणीही उघडून वाचावं, चुका काढाव्यात, सुधारावं. राबणारे सगळे हौशी, आपापली नोकरी सांभाळून. एके काळी चाळीस जण होतो. बाराव्या वर्षी तिघं उरलो.

“अंदाजाने का होईना, अजून दहा-अकरा हजार घरांत चालतंय की सर,” इक्बालभाई म्हणाले. त्यांच्या घरात तीन पिढ्या सतारी बनवतात. माजघरातून आवाज स्वच्छ यावा म्हणून या माणसाने सहा वर्षं कान फोडून घेतले होते.

“चालतंय, आणि रोज शिव्या येताहेत.” सरांनी टेबलावरचा लॅपटॉप आमच्याकडे वळवला. “हे वाच, नीला. ‘तुम्ही लोक झोपलात का? माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ दिसत नाही. जमत नसेल तर हे धंदे बंद करा.’ ह्या गृहस्थाने बारा वर्षांत एकदा तरी आभाराची ओळ लिहिली असेल?”

त्यांचं खोटं नव्हतं. तसली पत्रं मीच निस्तरत असे. पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचं, घरी आलं की अनोळखी माणसांची बोलणी खायची आणि वर नम्रपणे उत्तरं द्यायची. मीही दमले होते. त्यामुळे सर “मानाने” म्हणाले तेव्हा मला आधी हलकं वाटलं आणि मग त्या हलकं वाटण्याची लाज वाटली.

“निरोपाचं पत्र तू लिही,” सर म्हणाले. “लोक तुला ओळखतात. शेवटच्या आवृत्तीबरोबर ते प्रत्येकाच्या टीव्हीवर दिसेल. पुढे काय करायचं तेही त्यात असू दे. एक चांगली संस्था आपल्या लोकांना सांभाळायला तयार आहे. खाली ‘सुरू ठेवा’ असं बटण असेल. ते दाबलं की यापुढच्या दुरुस्त्या त्यांच्याकडून मिळत राहतील.”

“कुठली संस्था?” इक्बालभाईंनी विचारलं.

“बोलणी चालू आहेत. ठरलं की सांगतोच.”

मी पत्र लिहिलं. चार दिवस लागले. पहिल्या वर्षीची फजिती, दिवाळीच्या दिवशी सगळ्यांची माजघरं एकदम बंद पडली होती ती गोष्ट, काम सोडून गेलेल्या प्रत्येकाचं नाव असं सगळं त्यात होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘आम्ही जात आहोत, पण तुमचं माजघर उघडं राहावं अशी व्यवस्था करून जात आहोत. खालचं बटण निर्धास्तपणे दाबा.’ ‘निर्धास्तपणे’ हा माझा शब्द. सरांनी तो सुचवला नव्हता.

नवी आवृत्ती लोकांच्या घरी पाठवायची तर आम्हा तिघांपैकी दोघांची सही लागायची. सही म्हणजे कॉम्प्युटरवरचीच, ज्याच्या त्याच्या पासवर्डाने केलेली. कुणा एकाच्या हाती इतक्या घरांची किल्ली नको, म्हणून सरांनीच हा नियम केला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी परीक्षेची ड्यूटी होती. वर्गाबाहेर उभी असताना सरांचा फोन आला.

“नीला, मी सही केली आहे. तुझी राहिली. आज पाठवून मोकळं होऊ.”

“सर, मी अजून बघितलं नाही त्यात काय काय आहे.”

“पत्र तुझंच आहे. बटण जोडलंय. बाकी किरकोळ.”

“इक्बालभाईंनी बघितलं?”

“ते गावाला गेलेत. त्यांच्या सहीची गरजही नाही. दोन झाल्या की पुरे.”

मी स्टाफरूममध्ये गेले, कॉम्प्युटर उघडला, पासवर्ड घातला, सही केली. दोन मिनिटं लागली असतील. मग वर्गात जाऊन मुलांच्या उत्तरपत्रिका गोळा केल्या.

त्याच संध्याकाळी देवरुखहून खोत गुरुजींचा फोन आला. दत्ताराम खोत, निवृत्त प्राथमिक शिक्षक. बायको गेल्यावर मुलीने त्यांना माजघर बसवून दिलं होतं. महिन्यातून एकदा तरी ते काहीबाही विचारायला फोन करत आणि बोलून झालं की “पावसाळ्याआधी जेवायला या,” असं न चुकता म्हणत. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

“बाई, तुमचं पत्र वाचलं. वाईट वाटलं. खाली ते बटण आहे, त्याचं काय करू?”

“दाबा गुरुजी. काही काळजी नाही.”

“त्याखाली बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलंय. चष्म्यानेही लागत नाही.”

“ते नेहमीचंच असतं. दाबा तुम्ही.”

इक्बालभाईंचा फोन पाचव्या दिवशी दुपारी आला.

“ताई, तुम्ही घरी आहात? मी येतो.”

मिरजेहून सांगलीला यायला कितीसा वेळ लागतो? अर्ध्या तासात ते दारात होते. घामाघूम. पाणीही न पिता त्यांनी लॅपटॉप उघडला.

“माझ्या घरी बहिणीने ते बटण दाबलं. मी गावाहून आलो तर काय, घरात गाणं नाही, टीव्ही बंद, आणि माजघराच्या डब्यावरचा दिवा सारखा लुकलुकतोय. म्हटलं हा डबा बोलतोय कुणाशी?”

“कुणाशी?”

“बघा.”

मी बघितलं. मला वाचता येत होतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. बटण दाबलं की माजघर घरातले सगळे फोटो एकेक करून एका कंपनीकडे पाठवत होतं. फोटोंबरोबर नावंही.

नावांचं सांगायला हवं, कारण तो भाग मी स्वतः बनवला होता. माजघरात एकाच माणसाचे फोटो आपोआप एकत्र होत आणि त्या चेहऱ्याखाली प्रश्न येई, ‘हे कोण?’ लोक नाव लिहीत. आजी. मोठे काका. चिंगी. कुणी नुसतं ‘आमची’ लिही. म्हाताऱ्या माणसांना रिमोटने नुसतं नाव निवडून आपल्या माणसांचे फोटो बघता यावेत, एवढाच हेतू होता. चेहऱ्याला नाव, नावाला नातं, नात्याला घर, असा भरलेला माल बाहेर कुठेही विकत मिळाला नसता. लोकांनी तो प्रेमाने, एकेक अक्षर टाइप करून भरला होता.

“हे किरकोळ?” मी म्हटलं.

“तुम्ही वाचलं नव्हतं?”

इक्बालभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही पुण्याला गेलो. सरांनीच दार उघडलं. पुन्हा आंबाच होता, या वेळी रसाची वाटी. ते जेवायला बसत होते. आम्हालाही पानं मांडा म्हणून त्यांनी आत सांगितलं. आम्ही नको म्हटलं, तर ते एकटेच जेवू लागले.

“मला वाटलंच होतं तुम्ही याल,” ते म्हणाले.

“सर, फोटो जाताहेत,” इक्बालभाई म्हणाले.

“जाताहेत. लोकांच्या संमतीने जाताहेत. बटणाखाली स्वच्छ लिहिलंय.”

“चिमुकल्या अक्षरांत. आणि इंग्रजीत.”

“कायद्याला भाषा चालते कुठलीही.” सरांनी पोळीचा तुकडा रसात बुडवला. “इक्बाल, तू माझ्यापेक्षा लहान आहेस. बारा वर्षं मी सुट्ट्या घालवल्या. बायकोबरोबर कधी चार दिवस महाबळेश्वरला गेलो नाही. कुणी विचारलं मला? हीच माणसं परक्यांच्या ॲपवर रोज स्वतः होऊन सगळं टाकतात. जेवणाचं ताटसुद्धा. तिथे त्यांना काही वाटत नाही. आपण मात्र सोवळं नेसून बसायचं.”

“ते स्वतः टाकतात,” मी म्हटलं. “इथे त्यांना आपण फसवलं.”

“आपण,” सर म्हणाले. “बरोबर बोललीस. आपण. सही तुझी आहे, पत्र तुझं आहे. लोकांनी बटण दाबलं ते माझं तोंड बघून नाही.”

त्यांच्या बोटांवरून रस मनगटापर्यंत ओघळला होता. बोलता बोलता त्यांनी तो चाटला. इतकी वर्षं या माणसाला मी सर म्हणत आले होते. त्यांनी मला शिकवलं होतं, चुका पोटात घातल्या होत्या, माझ्या लग्नाला सगळ्यात आधी येऊन मंडपात खुर्च्या लावल्या होत्या. आणि त्या क्षणी मला त्यांच्या हाताची, त्या वाटीची, टेबलावरच्या पिवळ्या थेंबांची अशी शिसारी आली की तिथे बसवेना. मी उठून खिडकीपाशी गेले.

“कंपनीने मला सल्लागार म्हणून घेतलंय,” मागून सर सांगत होते. “तुलाही घेतील. मी शब्द टाकलाय. ते ‘हे कोण?’ त्यांना फार आवडलं. म्हणाले, हे ज्यांना सुचलं त्या बाईंना भेटायचंय.”

मी तोंडावर पदर धरून बाहेर पडले. जिन्यात पहिल्या वळणावर ओकले. शेजारच्या दारातून एक बाई आली, तिने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि विचारलं, “दिवस गेलेत का गं?” मी नाही म्हटलं. त्या भल्या बाईने नंतर तो जिना धुतला असेल.

इक्बालभाई खाली आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज घट्ट होता. “दोन सह्या लागतात ना? आपण दोघं आहोत.”

सांगलीला परतल्याबरोबर आम्ही कामाला लागलो. ते बटण आणि फोटो पाठवणारा सगळा भाग काढून टाकला. ओळ न् ओळ दोनदा वाचली, मग दोघांनी सह्या केल्या आणि ती आवृत्ती पाठवून दिली. सोबत दुसरं पत्र होतं. त्यात आम्ही काय झालं ते लिहिलं, माझी सही होती हेही लिहिलं, आणि माजघर त्या दिवसापासून बंद केलं. ज्यांनी बटण दाबलं नव्हतं ती घरं वाचली. ज्यांनी दाबलं होतं त्यांचा डबा आता कंपनीचं ऐकत होता, आमची नवी आवृत्ती तिथे पोचणारच नव्हती. ती घरं किती, कुठली, हे आम्हाला कळायला मार्ग नव्हता, कारण कुणाच्या घरात काय चाललंय हे न पाहण्याचीच आमची शपथ होती.

पत्रावर उत्तरं आली. शिव्या होत्या, आणि त्या वेळी प्रत्येक शिवी मला योग्य वाटली. सरांचं एका ओळीचं उत्तर आलं, ‘भावनेच्या भरात तुम्ही लोकांचं नुकसान केलंत.’

एक घर मात्र मला नक्की माहीत होतं.

मी कोल्हापूरहून देवरुखची एस्टी पकडली. आंबा घाट उतरताना मनात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही. गुरुजींचं घर बाजारापासून थोडं आत होतं. कौलारू, पुढे ओटी, स्वच्छ सारवलेलं अंगण. गुरुजी ओटीवरच बसले होते. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, इस्त्री केलेला.

“ताम्हनकर बाई ना? फोनवरच्या आवाजावरून मला तुम्ही जाड्या वाटलात.” ते हसले. “या, या. भात टाकलाय. तुम्ही जेवूनच जायचं आहे.”

“गुरुजी, आधी माझं ऐका.”

मी सगळं सांगितलं. उभ्यानेच. वर्गात एखादं पोर चुकीचं उत्तर देत असताना शिक्षक ते पुरं होऊ देतात, तसं त्यांनी माझं बोलणं पुरं होऊ दिलं.

“म्हणजे तुम्ही वाचलं नव्हतंत,” शेवटी ते म्हणाले.

“नाही.”

“आणि मला म्हणालात, नेहमीचंच असतं.”

“हो.”

ते उठले. “आत या. मला एक विचारायचंच होतं तुम्हाला. मला वाटलं माझंच काही चुकलं.”

टीव्ही लावला तर माजघराची ओळखीची निळी पाटी गेलेली होती. तिथे कंपनीची चकचकीत पाटी आली होती. गुरुजींच्या पत्नीचा फोटो लागला. ठेंगण्या, नऊवारीतल्या, हातात काठी धरून तुळशीपाशी उभ्या असलेल्या. फोटोच्या खालून एक पट्टी सरकत आली. ‘कुमुदताई, गुडघेदुखीने त्रस्त आहात? खास तुमच्यासाठी.’ मागोमाग तेलाच्या बाटलीचं चित्र.

“चार दिवस हे येतंय,” गुरुजी म्हणाले. “ती जाऊन सहा वर्षं झाली. काठी होती तिला, हे ह्यांना कुणी सांगितलं?”

“फोटोत दिसते, गुरुजी.”

“फोटोत दिसते.” त्यांनी ते शब्द चवीला वाईट लागावेत तसे उच्चारले. “काल तिला वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. गाणं वाजलं. शेजारची पोरं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना काय कळतंय. मी टीव्हीवर टॉवेल टाकला.”

मग त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला. “काढा हे.”

मी शोधू लागले. सगळं पुसण्याची सोय कुठेच ठेवलेली नव्हती. तार काढून डबा बंद करता आला असता, पण जे गेलं ते कंपनीकडे तसंच राहिलं असतं. बराच वेळ खटपट केल्यावर एक वाट सापडली. एकेका माणसाचं नाव काढता येत होतं. मी कुमुदताईंचं नाव निवडलं. पडद्यावर आलं, ‘नाव काढण्याचं कारण निवडा.’

खाली दोन कारणं होती. गुरुजींनी जवळ जाऊन, चष्मा सारखा करून ती मोठ्याने वाचली.

“‘नावात चूक आहे.’ ‘मी या व्यक्तीला ओळखत नाही.’”

मी पहिलं दाबून पाहिलं. त्याने बरोबर नाव लिहायला सांगितलं आणि लिहिल्याशिवाय पुढे जाईना. मी मागे आले.

“तिसरं काही नाही?” गुरुजींनी विचारलं.

“नाही.”

“दुसरं दाबलं तर त्यांच्याकडचं पुसलं जाईल?”

“तसं लिहिलंय. खरंच पुसतात का, मला सांगता येणार नाही.”

“आता बरं सांगता येणार नाही म्हणालात.”

त्यांनी माझ्या हातातून रिमोट घेतला.

“मला दाखवा कसं करायचं. पुढचं नाव कसं आणायचं तेही.”

मी दाखवलं.

“बाई, तुम्ही बाहेर बसा,” ते म्हणाले. “हे तुमच्यासमोर नको.”

मी ओटीवर येऊन बसले. त्या वर्षी पाऊस लांबला होता, बाराचं ऊन अंगणात सरळ उतरलं होतं. मग त्यांचा आवाज आला, शाळेत हजेरी घेतात तसा, स्पष्ट.

“कुमुद दत्ताराम खोत.”

थांबले. रिमोटचं बटण वाजलं.

“मंगल दत्ताराम खोत.” ही मुलगी. बटण.

“ओंकार.” नातू असणार. बटण.

नावं येत राहिली. भाऊ, भावजय, आई, एक शाळेतला मित्र, कुणीतरी ‘पेंटर’ म्हणून. प्रत्येक नाव ते पुरं उच्चारत, मध्ये थोडं थांबत, मग बटण. एकदा एका नावानंतर ते हसल्यासारखं वाटलं, आणि मग बराच वेळ बटण वाजलं नाही. स्वयंपाकघरातून भात लागल्याचा वास येऊ लागला. उठून आत जाऊन गॅस बंद करावा की नाही, मला कळेना. मी उठले नाही.

ते बाहेर आले तेव्हा डब्याची तार गुंडाळून त्यांच्या हातात होती. ती त्यांनी माझ्या शेजारी ठेवली.

“झालं. एकोणीस माणसं,” ते म्हणाले. “साखरप्याकडे जाणारी गाडी दीडला आहे. बाजारातून डावीकडे.”

मी हात जोडले. त्यांनीही जोडले, व्यवस्थित, माणसाला निरोप देतात तसे. आत भात करपत होता. जेवायचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.